धाकूचा हात हलका झाला

कोलशेतच्या धाकूने पंचवीस वर्षं मिठागरात बांध घातले होते. त्याची प्रेमाची थाप पाठीवर पडली, तरी माणूस दोन पावलं पुढे जाई. त्याची बायको गोदा हिचा डावा पाय हत्तीरोगाने सुजलेला. औषधांनी रोग थांबला, पण सूज तशीच राहिली. हळूहळू तिने बाजार सोडला, लग्नकार्यं सोडली.

शेवटी सून समीक्षा दोघांना ठाण्यातल्या वल्लरी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. वल्लरीने आधी गोदाच्या मानेपाशी हलकेच हात फिरवला, मग पोटावर, मग जांघेपाशी. सुजलेल्या पोटरीला तिने बोटही लावलं नव्हतं.

धाकूला राहवेना. "पोरी, पाय खाली हाय गो!"

वल्लरी हसली. "काका, पायातलं पाणी वर जाणार ना? मग आधी वरची वाट मोकळी करायची."

धाकू समीक्षाकडे वळून म्हणाला, "मिठागरात बी तसाच. आधी खाडीकडचा तोंड खोलायचा, मग मागचा. नायतर पानी जाणार कुठं?"

"तुम्हाला तर सगळं येतंय," वल्लरी म्हणाली. "मग घरी रोज तुम्हीच करा. फक्त जोर नको. कातडी सरकेल, एवढंच."

तेवढंच जमेना. पहिल्याच दिवशी गोदा ओरडली, "अवो, माझा पाय हाय, बांध नाय!"

धाकू ओशाळला. मग दुपारी ओट्यावर झोपलेल्या मांजरीच्या पाठीवर तो हात फिरवू लागला. मांजर उठली की नापास. आठ दिवस ती रोज उठली. नवव्या दिवशी मात्र घोरत राहिली, आणि त्या संध्याकाळी मालिश चालू असतानाच गोदालाही डुलकी लागली.

मालिश, त्यावर सूज दाबून धरणारी पट्टी, असं रोज चाललं. दोन महिन्यांनी वल्लरीने मोजायची टेप लावली. पोटरी चार सेंटीमीटरने उतरली होती. पाय पूर्ण बरा होणार नव्हता; पट्टी चुकली की संध्याकाळी जडपणा येई. पण गुडघा वाकू लागला.

मोहने गावी भाच्याच्या हळदीत गोदा पट्टीसकट नाचली. दोन गाणी पूर्ण. बायकांनी घेरलं, "कोणता औषध गो?"

तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. पुरुष मंडळी फिदीफिदी हसली. धाकू लाजला नाही. मिशीवर हात फिरवून म्हणाला, "ज्याच्या घरात पाय सुजलाय त्यानं आधी डॉक्टरला दाखवा, मग माझ्याकडं शिकायला या. आन् नखं कापून या."