चार बाकड्यांचा तवनाप्पा

माधवनगरात जुन्या गिरणीच्या भिंतीला टेकून हरणाबाईचं चहाचं खोकं आहे. खोक्यापुढे चार बाकडी. ज्यांना काम आहे ते सकाळी लवकर उभ्या उभ्या चहा पिऊन जातात. ज्यांना नाही ते नवाच्या पुढे येतात आणि बसतात. हरणाबाई म्हणते, माझी दुसरी पाळी पहिलीपेक्षा मोठी झाली.

बाकडी कुणी वाटून दिलेली नाहीत, पण वाटलेली आहेत. भिंतीकडचं गिरणीवाल्यांचं. हे सगळ्यांत म्हातारे. गिरणी बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी ते ती आत चालू असल्यासारखे ओरडून बोलतात. एकजण दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगतो, "पावणं आल्यात घरी," मग दुसरा "आं?" म्हणतो, मग हरणाबाई चुलीवरून सांगते, पावणं आल्यात त्याच्या घरी. दुसरं बाकडं मागवाल्यांचं. त्यांचं निम्मं बोलणं हातांनी. मागाच्या खडखडाटात वीस वर्षं काढली की तोंडावरचा भरवसाच उडतो. तिसरं फाउंड्रीवाल्यांचं. भट्टीपुढं श्वास पुरत नाही म्हणून असेल, त्यांचं वाक्य कधी पुरं लांब होत नाही. लालासाहेब येतो तो असा: "आलो. ऑर्डर न्हाई. बंदच. चहा सांग." चौथं साखर कारखान्यावाल्यांचं. त्यांच्यात साल-महिना नसतो, गळीत असतं. पोरगी मागल्या गळिताला झाली, म्हातारी पट्टा पडल्यावर गेली. पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला, आणि हल्ली तो लवकर पडतो.

पुण्याकडून परत आलेल्या पोरांना बाकडं नाही. शिवतेज आणि त्याचे दोस्त आपापल्या गाडीवर बसतात. त्यांना कामावरून काढलेलं नसतं, त्यांना 'ब्रेक' दिलेला असतो. "सध्या ब्रेकवर हाय," असं शिवतेज चाकणचा आवाज काढून म्हणतो, आणि गाडीचं चाक एका जागी मागं-पुढं करतो.

एका बाकड्याचा माणूस दुसऱ्या बाकड्यावर बसत नाही. गिरणीवाल्याला साखरेचं काय कळतंय, आणि फाउंड्रीवाला मागाला काम म्हणायलाच तयार नाही. चारी बाकड्यांवर बसायचा हक्क गावात एकट्या तवनाप्पाला आहे. तो चारी ठिकाणी बेकार झालेला आहे.

तवनाप्पा आमच्या शेजारचा. आम्ही सगळी पोरं त्याला आप्पा म्हणतो. मिसरूड फुटलं तेव्हा गिरणीत लागला, आणि गिरणी बंद पडली. मग यंत्रमागाच्या कारखान्यात गेला. तिथं निम्मं आयुष्य गेलं, आणि मालकानं माग किलोवर भंगारात घातले. मग फाउंड्री. गाड्यांच्या पार्टांची मागणी बसली तेव्हा शेवटी आलेले आधी गेले, त्यात तो होता. मग साखर कारखान्यावर हंगामी. पुढच्या हंगामाला बोलावणं आलं नाही. हे सगळं तो असं सांगतो जसं दुसरा कुणी चार गावच्या बदल्या सांगेल.

मागानं त्याचे कान नेले. पूर्ण नाहीत, पण गेले. आता तो ओठ वाचतो. मी बाकड्यांवरच्या माणसांच्या नकला करते तेव्हा बाकीचे आवाजाला हसतात, आप्पा तोंडाला हसतो. एकदा मी लालासाहेबाची केली तर तो म्हणाला, "वरचा ओठ लय हलीवलास. त्येचा हलत न्हाई." पुढच्या वेळेला हलवला नाही, तर लालासाहेब स्वतः चहा ठेवून वळून बघायला लागला. आणि आप्पाला एखादी गोष्ट ऐकायची नसली, तर तो कानावर हात ठेवत नाही. नुसता खाली बघतो. समोरचा काय वाट्टेल ते बोलू दे, ओठ दिसले नाहीत की ते बोललंच गेलं नाही.

मागाच्या कारखान्यात त्याची आणि गुंडाची जोडी होती. गुंडा मराठ्याचा, अंगानं आडवा, बोलायला घाईचा. शेजारी-शेजारी माग, आणि वीसेक वर्षं तेच. तवनाप्पा जैन. दिवस बुडाल्यावर तोंडात काही घालत नाही. दुसऱ्या पाळीला जेवणाची सुट्टी आठाला असायची, म्हणून त्या दोघांनी आपलं एक बसवलं होतं. उन्हं उतरली की तवनाप्पा हात वर करायचा, पाची बोटं जुळवून तोंडाकडं न्यायचा. गुंडा छातीवर थाप मारायचा, म्हणजे माझ्यावर सोड. मग तवनाप्पा मागच्या दारात बसून भाकरी खाऊन येईपर्यंत गुंडा दोघांचे माग सांभाळायचा. आठाला गुंडा जेवायला गेला की तवनाप्पा त्याचे. यात कधी शब्द खर्ची पडला नाही, आणि कधी दिवस चुकला नाही.

या हिवाळ्यात कुपवाडच्या एमआयडीसीत एका नव्या कापड कंपनीनं विणकर घ्यायचे काढले. जागा दोन. बिनधोट्याचे माग, धागा तुटला की आपोआप थांबणारे, आणि थांबले की वर लाल दिवा. शिवतेजनं मोबाईलवर जाहिरात वाचून दाखवली. अनुभव पाहिजे, वय पन्नासच्या आत. तवनाप्पा पन्नासला टेकलेला, गुंडा त्याच्या मागोमाग. चारी बाकड्यांवर तेच बोलणं. गिरणीवाले ओरडून म्हणाले, जोडीनं जावा. फाउंड्रीवाले म्हणाले, जा. लागंल. ह्यापुढं कोण घेत न्हाई. आप्पाला शेवटचं तेवढं पटलं. त्यानं घरी बायकोला, पद्माक्काला, तेच सांगितलं की ही जागा गेली तर परत बोलावणं येणार नाही. पद्माक्का बेदाणा निवडायच्या शेडवर जाते, त्यावर घर चाललंय, आणि शेडचं काम बेदाण्याबरोबर संपतं.

दोघं गेले. तिथला साहेब पोरगेलासा, दर वाक्याच्या शेवटी "राइट?" म्हणणारा. गुंडानं त्याची नक्कल मला करून दाखवली, पण त्याला "राइट" जमत नाही, "रायटं" होतं. साहेबानं सांगितलं की एक दिवस चालवून दाखवा, तीन ते आठ, प्रत्येकाला सहा माग. नीट चालवले तर दोघंही आमचेच. तवनाप्पा साहेबाच्या ओठांकडं बघत मान डोलवत होता. साहेबाला वाटलं, माणूस किती लक्ष देऊन ऐकतो.

आता प्रश्न होता दिवस बुडायच्या आधीच्या जेवणाचा. पद्माक्का म्हणाली, साहेबाला आधी सांगून ठेवा. तवनाप्पा म्हणाला, लागायच्या आधीच सवलत मागितली तर दार उघडायच्या आधी बंद होईल. ठरलं असं की त्या दिवशी उपाशी राहायचं. नुसतं पाणी, तेही दिवस असेपर्यंत. तरी पद्माक्कानं डबा दिला. डबा न देता तिला माणूस कामाला धाडताच येत नाही. तोही घेऊन गेला.

पुढचं मला दोघांकडून वेगवेगळं कळलं, आणि दोघांचं जुळतं.

तीनपासून दोघांचं बरं चाललं होतं. माग नवे, पण धागा तोच. दिवा लागला की जायचं, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, चालू करायचं. साहेब काचेच्या खोलीत पडद्यावर बघत होता. शेडच्या छताला मधे मधे पांढरे पत्रे बसवलेत, त्यातून उजेड येतो. सहाच्या सुमाराला तो उजेड पिवळा व्हायला लागला. तवनाप्पा म्हणतो, मला भूकसुद्धा लागली नव्हती. त्यानं वर बघितलं, आणि हात वर गेला. पाची बोटं जुळली, तोंडाकडं गेली. पलीकडं गुंडानं छातीवर थाप मारली.

तवनाप्पा डबा घेऊन मागच्या दाराला गेला. गुंडा बारा मागांमधे उतरला.

भाकरी निम्मी झाली तेव्हा तवनाप्पाच्या ध्यानात आलं की आपण उपाशी राहणार होतो. पण तोंडात घास होता, आणि दिवस अजून होता. त्यानं पुरं जेवून, हात धुऊन, डबा पुसून घेतला.

इकडं गुंडाला रंग चढला होता. तो सांगतो, की माझ्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा गुंडा आला. एक दिवा लागायच्या आत दुसरीकडं हात. पायांत नुसती चाकं. बारा माग एकानं चालवलेले त्या पोरगेल्या साहेबानं बघितलेच नसतील. आणि साहेब खरंच खोलीतून बाहेर येऊन मोबाईलवर त्याचं शूटिंग करत होता. गुंडाला वाटलं, मोठ्या साहेबांना दाखवायला. आणि ते होतंही त्यासाठीच. तवनाप्पा परत आला, आपल्या मागांवर उभा राहिला, साहेबानं त्याच्याकडं बघितलं नाही. गुंडाच्या पाठीवर मात्र थाप मारली.

आठाला दोघांना खोलीत बोलावलं. साहेब म्हणाला, "ॲक्च्युअली आमचा हिशोब दोन माणसांचा होता. पण बारा एकालाच झेपतात, हे तुम्हीच दाखवलंत. राइट?" मग गुंडाकडं बोट करून म्हणाला, तुम्ही उद्यापासून या.

गुंडाला हे समजायला वेळ लागला. तो आधी हसला, मग थांबला. म्हणाला, "सायेब, ते भाकरीपुरतं असतंय. मानूस पान्यात बुडी मारतोय तवा दम धरतोय, म्हनून काय पान्यात ऱ्हातोय व्हय?"

साहेब म्हणाला, सवय होईल.

तवनाप्पाला सगळं आधीच कळलं होतं, तो ओठांकडंच बघत होता. साहेबाचं बोट वळायच्या आत त्यानं गुंडाचा दंड धरला होता. तो एवढंच म्हणाला, "गुंड्या, व्हय म्हन."

तवनाप्पानं दंड सोडला नाही. परत म्हणाला, "दोघं बाहेर बसण्यात काय हाय? व्हय म्हन."

गुंडानं व्हय म्हटलं. दोघं गुंडाच्या गाडीवरून परत आले. गाडीवर तवनाप्पाशी बोलता येत नाही, कारण मागं बसलेल्याला पुढच्याचे ओठ दिसत नाहीत. तेव्हा ते बरं झालं.

आमच्याकडं रीत अशी आहे की ज्याला काम लागलं त्यानं आपल्या बाकड्याला चहा पाजायचा आणि बाकड्यावरून उठायचं. पाजला नाही तर काम टिकत नाही म्हणतात. पाजूनही टिकलेलं मी फारसं बघितलेलं नाही, पण रीत आहे. दुसऱ्या दिवशी गुंडाची पाळी दुपारची, त्यामुळे सकाळी तो येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न होता तवनाप्पाचा. त्याला तीन बाकडी मोकळी होती. साखरेच्या बाकड्यावर बसला असता तर गुंडाचा चहा त्याच्यापर्यंत पोचायचं कारण नव्हतं, आणि कुणी काही म्हणालं नसतं. साखरवाल्यांनी सरकून जागासुद्धा केली होती.

तो आला आणि मागवाल्यांच्या बाकड्यावर बसला. मधोमध, जिथं गुंडा बसायचा त्याच्या शेजारी.

गुंडानं चहा सांगितला. हरणाबाईनं पहिला कप तवनाप्पाच्या हातात दिला. त्यानं तो बशीत ओतला. गुंडा त्याच्यासमोर उकिडवा बसला, ओठ नीट दिसतील असा, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तवन्या, तू म्हन. आजच सोडतो. तुज्यायला गेली ती कंपनी."

तवनाप्पा बशीकडं बघत होता.

गुंडानं परत तेच म्हटलं, मोठ्यानं. भिंतीकडचे गिरणीवालेसुद्धा ऐकून वळले, ज्यांना काहीच ऐकू येत नाही. तवनाप्पानं बशीवर फुंकर मारली, चहा प्याला, बशी कपाखाली ठेवली आणि मगच वर बघितलं. तोपर्यंत गुंडाचं बोलून झालं होतं.

"पाळी कितीला?" तवनाप्पानं विचारलं.

"तीनला."

"मग ऊठ की. बाकडं सोड."

गुंडा उठला. शिवतेजनं त्याच्या जाण्यावर शिट्टी मारली, पण ती लहानशीच.

आता दोन महिने झाले. गुंडा बारा माग चालवतो. वजन उतरलंय, त्याच्या पँटला बायकोनं आतून टाका घातलाय. आठाला जेवणाची सुट्टी आहे, पण माग बघायला शेजारी कुणी नाही, म्हणून तो अकराला घरी येऊन जेवतो. तवनाप्पा सकाळी हरणाबाईकडं असतो, कुठल्या बाकड्यावर ते त्या दिवसावर. मधे त्यानं बेदाण्याच्या शेडवर पद्माक्काबरोबर जाऊन बघितलं. बायका म्हणाल्या, आप्पा, तुमी काड्या निवडता का बेदाणं? चौथ्या दिवशी तो घरीच राहिला. शेडवाल्या बायका पाचवं बाकडं टाकायला सांगतायत, असं तो मला म्हणाला आणि स्वतःच हसला.

गुंडा सुट्टीच्या दिवशी येतो, उभ्यानं चहा पितो. त्यानंच सांगितलं. पत्र्यातला उजेड पिवळा झाला की त्याचा हात आपोआप छातीवर जातो. मग तो बाजूला बघतो, तिथं कुणी हात वर केलेला नसतो. तेवढ्यात कुठला तरी लाल दिवा लागतो, आणि तो तिकडं पळतो.