फुलाचा निळा

इसहाक परकारांनी सौदीतल्या जुबैलच्या बाजारात तेवीस वर्षं फ्रेमा केल्या. कुराणातल्या आयती, कंपन्यांची प्रशस्तिपत्रकं, लग्नाचे फोटो, जे येईल ते. लाकडी ठशांनी छापलेली जपानी चित्रं पाहायला मात्र त्यांना शिकवलं ओगावा नावाच्या एका म्हाताऱ्या इंजिनीअरने. भिंतीवर टांगून ती कळत नाहीत, तो सांगायचा. हातात घ्यायची, खिडकीपाशी आडवी धरायची. मग बाजूच्या उजेडात, शाई न लावता नुसतं दाबून उठवलेलं बर्फ कागदावर वर यायचं. आणि नदीचा तो निळा, तो फुलांच्या रसाचा, उन्हाला घाबरणारा.

ओगावा देश सोडून गेला तेव्हा त्याची सहा चित्रं दुकानाच्या मालकाने, अबू तुर्कीने घेतली. त्याच वर्षी दुकानात सौदी माणूस ठेवायचा सरकारी हुकूम आला. अबू तुर्कीने पुतण्याला, फहादला आणून बसवलं.

"याला सगळं शिकव," तो इसहाकना म्हणाला. "मग तुझ्या इकाम्याचं बघू."

इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, जानेवारीत संपत होता. तिथल्याच शाळेत शिकणाऱ्या मुलीची, अदिबाची बारावीची परीक्षा मार्चमध्ये. दोनच महिने हवे होते. इसहाक जीव ओतून शिकवू लागले. गव्हाच्या पिठाची खळ कशी शिजवायची, कागद चारी बाजूंनी न चिकटवता वरून दोनच पट्ट्यांवर कसा सोडायचा, कडा का कापायच्या नाहीत. फहाद पंचविशीतला, हात जड, पण मन लावून करायचा. 'उस्ताद' म्हणायचा. त्या बाजारात इसहाकना कोणी तसं म्हटलं नव्हतं.

डिसेंबरात अबू तुर्कीचं नवं शोरूम उघडलं. पश्चिमेला सगळी काच. सहाही चित्रं त्या काचेसमोरच्या भिंतीवर. इसहाक शिडीवर होते, खाली पाहुणे कहवा पीत होते. शिडीवरूनच त्यांनी इकाम्याचं विचारलं.

अबू तुर्कीने मोबाइलमधून मान वर केली नाही. "फहाद शिकला ना? खलास. आणि रफीक, ते डावीकडचं वाकडं दिसतंय."

परदेशी कामगार म्हणजे तिथं सगळेच 'रफीक'. दोघेतिघे पाहुणे हसले. इसहाकनी चित्र सरळ केलं.

शिडी धरून उभ्या फहादने हळूच विचारलं, "उस्ताद, दुपारी इथं थेट ऊन येतं. चालेल ना?"

इसहाकनी काचेकडे पाहिलं, मग त्या निळ्याकडे.

"चालेल," ते म्हणाले. "वर काच आहे की."

जानेवारीत इकामा संपून कोकणात, दाभोळला परतल्यावर अदिबाला कुठल्याच कॉलेजने अर्ध्या वर्षात घेतलं नाही. जूनमध्ये ती तिच्याहून लहान मुलींबरोबर पुन्हा बारावीच्या वर्गात बसली.

ऑगस्टात फहादचा मेसेज आला. सोबत फोटो. नदी पांढरी पडली होती, आभाळही. काकाने सगळ्यांसमोर थोबाडीत मारून मला हाकललं, त्याने लिहिलं होतं. काका म्हणतो, तूच घाण केलीस. माझं काय चुकलं, उस्ताद?

इसहाकनी फोटो मोठा केला. बाजूने ऊन पडलं होतं, त्यामुळे बर्फाचा कण न् कण दिसत होता.

"कोणाचा ओ?" बायकोने, साबिराने आतून विचारलं.

"बाजारातला एक जण."

ओट्यावर अदिबा पुस्तक उघडून बसली होती. मघापासून तेच पान. इसहाकनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'तुझी खळ पातळ झाली. मी सांगितलं होतं.'

मग पाठवून दिलं.