रेघेच्या बोटभर वर

आमच्या ऑफिसातल्या रोखपालांना सगळे कवडीराव म्हणत, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. नातीला उंच पाळण्यात बसायचं होतं म्हणून त्यांनी मनोरंजन पार्कच्या हॉटेलचं राहण्या-जेवणाचं पॅकेज घेतलं. काउंटरशेजारी भिंतीवर एक रेघ होती. तिच्याहून बुटक्या मुलांना राहणं-जेवण फुकट. नात रेघेच्या बोटभर वर गेली.

"गुडघे वाकव जरा," कवडीराव पुटपुटले. नात वाकली. तिच्या मनगटावर पिवळा पट्टा बांधला गेला आणि आजोबांची छाती फुगली.

पाळण्यासाठी ती दोघं तासभर रांगेत उभी राहिली. दारावरच्या माणसाने पट्टा पाहिला. "पिवळा पट्टा म्हणजे लहान मूल. यात बसता येणार नाही."

"मी मोठी आहे! आजोबांनी मला वाकायला लावलं," नात रडवेल्या आवाजात ओरडली.

"आजोबा, आता तुम्ही वाका!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

कवडीराव काउंटरवर गेले, पूर्ण पैसे भरून लाल पट्टा घेऊन आले. नात पाळण्यात तीनदा बसली. रात्री मात्र ताट बघताच तिने तोंड फिरवलं.

"पोटात अजून पाळणा फिरतोय, आजोबा."

"अगं, मोठ्यांचे पैसे भरलेत!"

शेवटी पैसे वसूल करायला तिच्या वाटणीचंही तेच जेवले. सोमवारी पोट बिघडल्याचा त्यांचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. पगारी रजा सहलीतच संपली होती, त्यामुळे ही रजा बिनपगारी लावावी लागली.