त्या मातीचा रंग
टर्पेंटाइनचा वास आला की कोलकात्यातल्या बागबाजारच्या आमच्या घराची वरची खोली आठवते. तिथे एक इराणी चित्रकार भाड्याने राहायची. तिचे वडील गालिच्यांची लोकर रंगवायचे. लहानपणी ती त्यांच्या उरलेल्या रंगांत बोटं बुडवून अंगणातल्या भिंती रंगवायची आणि आई ओरडली की वडील तिची बाजू घ्यायचे. चित्रकला शिकायला परदेशी जा, असंही तेच म्हणाले. ती कोलकात्याला आली ती इथलीच झाली. एका दुपारी तिने मला वर बोलावलं. वडील गेले होते, तिकडची विमानं बंद होती आणि भाऊ फोनवरून दफन दाखवत होता. मी तिच्या शेजारी बसले. खिडकीतून गंगेवरचा दमट वारा येत होता. फोनमध्ये माणसं खोऱ्याने तांबूस माती लोटत होती आणि ती टक लावून बघत होती, डोळ्यांत टिपूस नव्हतं. फोन बंद झाल्यावर ती हिंदीत म्हणाली, "दीदी, बाबांवर माती पडत होती आणि मी विचार करत होते, हा रंग करायला गेरू किती घालावा लागेल. मी कसली मुलगी?" चहा आणते म्हणून मी खाली निघून आले. पुढे ती हे शहरही सोडून गेली. गेल्या वर्षी पुण्यात माझ्या वडिलांची चिता पेटली, तेव्हा माझ्या मनात परतीच्या विमानाची वेळ घोळत होती. त्या दुपारी तिला "असं होतं गं" एवढं तरी म्हणायला हवं होतं.