खोबरेल लावलेली गिटार

गिटार हातात आली की काका तार छेडायचे नाहीत. आधी तिच्या भोकापाशी नाक न्यायचे. तुम्ही समोर असतात तर हसला असतात. मग विचारायचे, "काय लावलात हिला?" गिऱ्हाईक म्हणे, "काही नाही हो." काका म्हणत, "ती सांगतेय ना."

मी वाशिमकडचा. आठवीत शाळा सुटली, फर्निचरला पॉलिश मारत मारत रत्नागिरीला पोचलो. भाट्याच्या वाटेवरच्या आपल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात काकांनी ठेवून घेतलं. तरी आज काढतील, उद्या काढतील, अशी मला सदा धाकधूक. एकदा गिटार दमट लागली म्हणून विचारलं, "उन्हात ठेवू का?" आमच्याकडे ओलं झालं की ऊनच.

"पापड आहेत काय रे? तडकेल ती. फडकं घे. आणि जेवलास काय?"

गणपतीच्या आधी सावर्ड्याहून एक वहिनी आल्या. मुलगा मुंबईला, गिटार घरी. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून त्या तिला दर शुक्रवारी खोबरेल चोळत होत्या. आता ती चिकट, धुळीने काळी, वर खवट वास.

"कोणी सांगितलान तेल लावायला?"

"कोणी नाही, भाऊ. दाराला लावतो, पाटाला लावतो, म्हटलं हिलाही. तो गणपतीला येतोय. बोलायचा नाही हो माझ्याशी."

काकांनी गिटार बाकावर आडवी घेतली. तारा सैल केल्या. साबणाच्या पाण्यातलं घट्ट पिळलेलं फडकं, त्याच्या मागोमाग कोरडं. "घासू नको," मला म्हणाले, "पॉलिश म्हणजे तिची कातडी." अंग हळूहळू उजळलं. तारांखालच्या पट्टीला मात्र पॉलिश नसतं. तिथे तेल मुरलं होतं, ती काळपटच राहिली.

न्यायला आईबरोबर मुलगाही आला. त्याचं बोट नेमकं पट्टीवर. "ही काळी कशी पडली?"

वहिनी जमिनीकडे बघू लागल्या.

"आईचा हात आहे तो," काका म्हणाले. "पेटीत बंद राहिली असती तर बुरशीने खाल्लीन असती. हिने दर आठवड्याला बाहेर काढलीन, म्हणून वाचली."

मुलाने गिटार आईच्याच हातात दिली. वहिनींनी भीतभीत विचारलं, "मग आता तेल लावू की नको?"

"लावा ना. ह्याच्या डोक्याला. गिटारीला कोरडं फडकं."

काका आता नाहीत. दुकान मी बघतो. गणपतीच्या आधी वहिनी गिटार घेऊन येतातच. तिला काही झालेलं नसतं. "तरी बघ रे एकदा," म्हणतात. मग आम्ही दोघं बाकावर बसून ती पुसतो, एक फडकं त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.