तेल आणायला गेलेला कवडू

मी विरारला मनवेलपाड्यात राहतो. सरकारी कचेरीत कारकुनी करता करता मी एका साप्ताहिकात टोपणनावाने अद्भुत कादंबरी लिहायचो. राजपुत्र, चेटकीण, समुद्राखालचा गड, असं सगळं त्यात होतं. अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये एका दुपारी भुईगावच्या जुलियाना टीचर साप्ताहिकाकडून माझा पत्ता काढून चाळीत आल्या. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कवडूचं काय झालं?"

मला क्षणभर आठवेना. कवडू गडाचा द्वारपाल. तुझ्या मुलीचा दगड करीन, अशी चेटकिणीने धमकी दिली म्हणून त्याने मागचं दार उघडलं आणि गडावरची अर्धी माणसं मारली गेली. पुढे तोच राजपुत्राला भुयारातून वाट दाखवू लागला. एकतिसाव्या प्रकरणात मी त्याला मशालीसाठी तेल आणायला पाठवलं, आणि साफ विसरलो. त्याला नऊ आठवडे झाले होते.

साप्ताहिकाने पाठवलेली वाचकांच्या पत्रांची पिशवी मी उघडलीही नव्हती. ती टीचरांसमोर उघडली. राजपुत्राबद्दल दोन पत्रं होती, कवडूबद्दल सतरा. सोलापूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'त्याला मारू नका, पण सहज सोडूही नका.'

मग टीचरांनी भावाची हकिकत सांगितली. क्लेमेंट केळी आणि पानवेलीची बाग करायचा. वाडीचं सामायिक बावखल होतं. आसपासच्या विहिरींना त्याच तळ्याचा पाझर. सातबाऱ्यावर नाव मात्र क्लेमेंटच्या बापाचं, नंतर त्याचं. एका बिल्डरची माणसं तीनदा घरी येऊन गेली. चौथ्यांदा त्यांनी, तुझी बहीण शाळेतून कुठल्या रस्त्याने येते, एवढंच विचारलं. क्लेमेंटने सही केली. बावखल बुजवलं, दोन वर्षांत विहिरी खारट झाल्या, बागा गेल्या. वाडीने दोघा भावंडांशी बोलणं टाकलं. पुढे अर्धांगाने क्लेमेंटची एक बाजू लुळी पडली. अंथरुणावर तो फक्त माझी कादंबरी ऐकायचा, आणि तीही कवडूपुरती.

पुढच्या रविवारी मी भुईगावला गेलो. क्लेमेंट पन्नाशीचा असावा, पण हात पार वाळलेले. मी खरं ते सांगून टाकलं. शेवटचं प्रकरण छापायला गेलं होतं आणि त्यात विजयाची मेजवानी होती, कवडू नव्हता.

तो म्हणाला, "म्हणजे त्याला शिक्षा करायचीसुद्धा कुणाला आठवण राहिली नाही?"

मी घरी येऊन त्याच्यासाठी वेगळं पान लिहिलं. त्यात राजपुत्र कवडूला मिठी मारतो, गड त्याला माफ करतो. आठवड्याने ते घेऊन गेलो. क्लेमेंटने स्वतः वाचलं आणि कागद माझ्याकडे परत दिला. दार उघडल्यामुळे जे मेले त्यांना कुणी विचारलं का, असं त्याने मला विचारलं.

"मला चर्चला घेऊन चल," तो बहिणीला म्हणाला. सहा वर्षांत तो तिथे गेला नव्हता.

ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर टीचर आणि मी त्याची चाकाची खुर्ची अंगणात उभी केली. माणसं हातात झावळ्या घेऊन बाहेर येत होती. क्लेमेंट म्हणाला की त्याने भीतीपोटी सही केली, वाडीला विचारलं नाही. "माफ करू नका," तो म्हणाला. "पण शिव्या तरी द्या. मारा. काहीतरी बोला माझ्याशी."

लोक वळसा घालून जाऊ लागले. शेजारची म्हातारी अँजेलिना तेवढी थांबली. लहानपणी क्लेमेंट तिच्याच अंगणात खेळला होता.

"तू घाबरलास ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "पण माझी विहीर गोड होत नाही, क्लेमेंट. मी काय बोलू?"

एवढं बोलून तीही गेली.

त्या दिवसापासून त्याने जेवण कमी केलं. टीचर भात कालवून भरवायच्या, तो दोन घासांवर तोंड फिरवायचा. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. मी जायचो, साप्ताहिकातल्या दुसऱ्या गोष्टी वाचून दाखवायचो. तो ऐकत नव्हता. ऑगस्टमध्ये तो गेला.

मातीला सारी वाडी आली. पेटी उचलायला पुरुषांनी खांदे दिले, बायकांनी प्रार्थना म्हटल्या. रीतीत काही कमी पडलं नाही. दफन झाल्यावर जो तो आपापल्या घरी गेला.

नाताळात मी टीचरांकडे गेलो. त्यांनी मला जेवायला वाढलं. दोन माणसांना जास्त होईल एवढं त्यांनी रांधलं होतं.

"तो गेल्यावर तरी वाडीतले माझ्याशी बोलतील असं मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, आणि भांडी झाकायला उठल्या.