चालीचा गिअर

शेंदूरजनाघाटात वरुड रस्त्यावर नबी मिस्तरीचं वर्कशॉप आहे. त्याला पाटी नाही आणि ती लावायची गरजही कधी पडली नाही. संत्र्याच्या बागांत छोटे ट्रॅक्टर शिरले तेव्हापासून कोणत्या ट्रॅक्टरमागे फिरत्या पात्यांनी माती फोडणारा रोटाव्हेटर किती फुटांचा जोडायचा, तो कोणत्या गिअरात चालवायचा, हे विचारायला आजूबाजूची गावं त्याच्याकडेच येतात. "कागदावरच्या हॉर्सपॉवरले काळी माती लागलेली नसते," असं तो सांगतो आणि सांगताना त्याची मान जरा ताठ होते. व्हावीच. त्याचे अब्बा वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, बैलजोडी पाहून घडवायचे. जोडी दमदार असली तर पास लांब, बेताची असली तर आखूड. नबीनं धंदा तोच ठेवला, फक्त बैल बदलले.

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्याचा शब्द पणाला लागला. भगवंतरावांच्या पोरीनं, आचलनं, बापाच्या हातून बागेचा कारभार घेतला होता. नबीच्या भरवशावर तिनं बैलजोडी विकायला लावली आणि वीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आणला. रोटाव्हेटर साडेतीन फुटांचाच घे, मोठ्याचा हव्यास करू नको, हेही नबीनंच बजावलं होतं. पण आठव्या दिवशी भगवंतरावांचा फोन आला.

"नबी, तुया ट्रॅक्टर दम टाकून राहिला. माती कमी अन् ढेकळंच जास्त. गुरुवारी इकत घेणारा माणूस बलावला, तो घेऊन जाईन. म्या जोडी आणतो अन् बागही म्याच पाहतो."

नबीनं हातातला चहा तसाच ठेवला आणि बागेकडे निघाला. ट्रॅक्टर गेला तर पोरीचा कारभार जाणार होता, आणि तोही त्याच्या सल्ल्यामुळं.

बागेत पोचल्यावर त्यानं अवजारांची पेटी उघडलीच नाही. आचलला म्हणाला, एक तास घे, या बांधापासून त्या बांधापर्यंत. ती निघाली. कडक जमीन लागली, इंजिन कण्हलं, तशी आचलनं रेस कमी केली. नबीनं हात वर करून तिला थांबवलं.

"रेस कावून कमी केली, बेटा?"

"बाबानं सांगतलं, काका. जड गेलं की कासरा ढिला सोडा लागते."

नबीला हसू आवरेना. बैलांसाठी हे सोळा आणे खरं होतं. पण रेस उतरली की ज्या शाफ्टवर रोटाव्हेटर फिरतो तोही मंदावतो, पाती सावकाश फिरून ढेकळं नीट फोडत नाहीत आणि इंजिनाचा जोरही आणखी कमी पडतो. रेस इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्यावरच्या खुणेलाच ठेवायची आणि वेग आवरायचा तो गिअरनं. नबीनं हे समजावलं तेव्हा बांधावर उभे असलेले भगवंतराव म्हणाले, "गिअर तुया पुस्तकातला असन."

"पुस्तक नाही लागत. तुमी चाला, भाऊ."

"म्या?"

"वखरामागं चालत होते तसे. आपली चाल सोडू नका."

म्हातारा कुरकुरला, पण चालू लागला. चाळीस वर्षांची सवय; वखराचं रुमणं, म्हणजे मूठ, धरल्यासारखे हात आपोआप पुढं आले. रोटाव्हेटर वर उचलून, रेस खुणेवर ठेवून आचलनं ट्रॅक्टर शेजारी घेतला. लो तीनमध्ये ट्रॅक्टर बापाला मागं टाकून गेला. लो एकमध्ये बापच पुढं निघाला. लो दोनमध्ये मात्र पुढचं चाक आणि भगवंतरावांची चप्पल बरोबरीनं पुढं सरकू लागली.

"आता खाली सोड. तीन इंचच. संत्र्याची मुळं वरच असतात."

रोटाव्हेटर मातीत उतरला आणि नबीनं कान इंजिनाकडे लावला. इथंही इंजिन कण्हलं असतं, तर त्याचा साडेतीन फुटांचा हिशेबच खोटा ठरला असता. पण आवाज एका सुरात राहिला. मागं माती पडत होती ती जाड्या रव्यासारखी. नबीला त्या क्षणी फार अभिमान वाटला. स्वतःचा वाटला, अब्बांचा वाटला, आणि ट्रॅक्टरवर मान न वळवता बसलेल्या त्या पोरीचाही.

तास संपला. भगवंतराव थांबले नाहीत. वळून दुसऱ्या तासाला लागले.

"बाबा, गिअर समजला. बसा आता."

"गप चालव."

तिसरा तास संपेपर्यंत ते ट्रॅक्टरच्या बरोबरीनं चालले. मग बांधावर येऊन नबीशेजारी टेकले आणि धोतरानं तोंड पुसलं.

"नबी, त्या गुरुवारच्या माणसाले फोन लाव."

"काय सांगू?"

"सांग, बाग पोरीची हाय. काय इचाराचं ते तिले इचार."

नबीनं फोन लावला. निरोप देताना त्यानं आवाज मुद्दाम चढवला, इंजिनाच्या आवाजातही ट्रॅक्टरवरच्या आचलला तो ऐकू जावा इतका.